तंजावरातलं जेवण

मुलुंड पूर्वेला मिठागर रोडजवळच्या एका जुन्या सोसायटीत कुंदाताई टिपणीस राहतात. यजमान, शरच्चंद्र, चार वर्षांपूर्वी गेले. मुलगा सुबोध मेलबर्नला. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो आणि त्यातला अर्धा वेळ "आई, मोबाइल सरळ धर, मला नुसता पंखा दिसतोय" यातच जातो. एरवी दूधवाल्याशी चार शब्द झाले असते, पण तो पिशवी कडीला अडकवून पहाटेच निघून गेलेला असतो.

ज्या बाईने टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून उभी हयात नोकरी केली, कुणाचा लातूरचा ट्रंककॉल लावून दे, कुणाला "बोला, आले लाइनवर" सांग, असं दिवसभर बोलून जिचा घसा बसायचा, तिच्या घरात आता दुपारचा रेडिओ तेवढा बोलतो. कुंदाताई तक्रार करत नाहीत. तसा त्यांचा स्वभावच नाही. सकाळी बाळकृष्णाची पूजा, मग स्वयंपाक, वाटीभर नैवेद्य, त्यावर तुळशीचं पान. देवाचं झालं की आपलं.

एक गार्गी मात्र यायची. समोरच्या बी विंगमधली, बडोद्याहून कलेचं शिक्षण घेऊन आलेली, डोक्याची एक बाजू बारीक कापलेली मुलगी. बेल वाजवायची, चप्पल भिरकावायची आणि थेट ओट्यावर चढून बसायची. "काकू, चहा टाका. डोक्याची पार वाट लागलीय." मग तासभर बडबड. कुंदाताईंना त्यातलं निम्मं कळायचं नाही. पण ती गेली की घर पुष्कळ वेळ उबदार राहायचं.

एके दिवशी गार्गीने विचारलं, "काकू, तंजावरला याल माझ्याबरोबर?"

"यात्रेला?"

"नाही हो. आर्ट फेस्टिव्हल आहे. जुनं शहर आहे ना, राजवाडे, जुनी घरं, तिथे रिकाम्या घरांमध्ये सगळे आर्टिस्ट आपापलं काम मांडतात. मला एक घर मिळालंय."

"चित्रं लावणार?"

"भिंतीवर टांगतात तसं नाही. कुणी खोलीभर धान्य पसरतं, कुणी अंधारात नुसते आवाज लावतं."

"आणि ते बघायला लोक येतात?"

"लांबून लांबून येतात."

"मग मी काय करायचं तिथे?"

"जेवायचं."

कुंदाताईंना इतकं हसू आलं की त्यांनी गॅस बारीक केला. "अगं, त्यासाठी तंजावर कशाला? इथे जेवतेच की रोज."

"तेच तर," गार्गी म्हणाली आणि जरा चाचरली. मग तिने सांगून टाकलं. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुंदाताईंचा ओटा दिसतो. कुंदाताई तिथेच उभ्या राहून जेवतात, टेबलाकडे जातच नाहीत, आणि जेवण झालं की लगेच ताट घासून टाकतात. दोन वर्षं ती बघत होती. "मला रडू येतं काकू ते बघून. पण खूप सुंदर पण आहे ते."

आपल्याला कुणी असं बघतं हे कुंदाताईंच्या गावीही नव्हतं. टेबलाशी बसलं की समोरची खुर्ची दिसते, म्हणून त्या उभ्याने जेवत होत्या. त्यात रडण्यासारखं काय, नि सुंदर काय? पण पोरीचे डोळे खरोखरच भरून आले होते. शिवाय दहा दिवस सकाळ-संध्याकाळ तिची सोबत होणार होती. कुणी आपल्याला कशासाठी तरी मागत होतं. कुंदाताई हो म्हणाल्या. जाताना त्यांनी कडवे वाल आणि कोकमं बांधून घेतली, कारण गार्गीचं म्हणणं होतं, घरी करता तेच करायचं.

तंजावरातलं घर छान होतं. मधोमध चौक, भोवती लाकडी खांब, पायाला गार लागणारी लाल फरशी. मागे स्वयंपाकाची सोय. मधल्या खोलीत गार्गीने एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एका खुर्चीवर कुंदाताईंनी जेवायचं. समोरच्या खुर्चीवर येणाऱ्यांपैकी ज्याला वाटेल त्याने बसायचं. कुंदाताईंनी त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही.

"समोर कुणी आहे हे विसरूनच जायचं काकू. घरी असता तशा."

दहा दिवसांनी कुंदाताई परतल्यावर दाखवायला फिल्म हवी, म्हणून उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कॅमेरावाला आला. समोरची खुर्ची रिकामी होती. कुंदाताई भात-बिरडं जेवल्या, ताट उचललं, संपलं. गार्गीने टाळ्या वाजवल्या. "झकास काकू!"

दुसऱ्या दिवशी दारं उघडली आणि लोक आले. एक गोरी मुलगी समोर बसली, बघत राहिली, डोळे पुसत उठून गेली. मग एक जोडपं आळीपाळीने बसलं. कुंदाताई मान खाली घालून जेवत होत्या, पण ताटातला भात संपता संपत नव्हता.

संध्याकाळी त्या म्हणाल्या, "गार्गी, माणूस समोर बसतंय आणि मी आपली खातेय. कसंतरीच होतं गं."

"त्यांनाही तसंच होतं काकू. तोच तर मुद्दा आहे."

मग दोघी मोठ्या देवळात गेल्या. तिथल्या भिंतीवर मराठीतला जुना लेख कोरलाय, तो बघून कुंदाताई हरखल्या. बोट फिरवत एकेक अक्षर लावत बसल्या. इतक्या दूर आपलं कुणी येऊन राहिलं होतं म्हणायचं! पायऱ्या उतरताना गार्गीने त्यांचा हात धरला आणि उतरून झाल्यावरही सोडला नाही. कुंदाताई मुद्दाम सावकाश चालल्या.

तिसऱ्या दिवशी टळटळीत उन्हात एक म्हातारे गृहस्थ आत आले. तिथलेच असावेत, पांढरी लुंगी, खांद्यावर पंचा, काखेत छत्री. दारावरची पाटी त्यांनी वाचली नसावी. जुनं घर, पुढ्यात टेबल, जेवणारी बाई आणि एक रिकामी खुर्ची बघून त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. छत्री भिंतीला टेकवली, चौकातल्या नळावर हात धुतले, येऊन बसले. आणि पान वाढायची वाट बघू लागले.

कुंदाताईंचा हात ताटातच थांबला. त्यांनी दाराकडे पाहिलं. गार्गी डोळ्यांनी नाही-नाही करत होती. कुंदाताई उठल्या, मागे गेल्या, दुसरं ताट आणलं, भात वाढला, त्यावर बिरडं, कडेला दही.

"घ्या," त्या मराठीत म्हणाल्या.

म्हाताऱ्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि जेवायला सुरुवात केली. मग कुंदाताईंनाही भूक लागली. म्हाताऱ्यांनी वालाचा एक दाणा बोटांत धरून काहीतरी विचारलं. कुंदाताई म्हणाल्या, "वाल. मोड आणून सोलावे लागतात. फार वेळखाऊ काम." ते मान डोलवत "आमा, आमा" म्हणाले, म्हणजे हो-हो असणार. दोघांचं छान चाललं होतं. दाराशी गर्दी झाली, कुणी हसलं, कुणी फोटो काढले. ते उठले तशी त्यांच्या जागी एक कॉलेजची मुलगी येऊन बसली आणि तिनेही हात धुतले होते. बिरडं संपलं तेव्हा रांग चौकापर्यंत आली होती.

गार्गीने त्यांना मागच्या बाजूला नेलं. "काकू, काय केलंत हे?"

"भुकेले होते गं ते."

"ते व्हिजिटर होते!"

"मग? व्हिजिटरला भूक लागत नाही?"

"यार काकू..." गार्गीचा आवाज फुटला. "दोन वर्षं घालवलीत मी यात. एक बाई एकटी जेवते, एवढंच आहे ते. बाकी काही नाहीये त्यात. तुम्ही त्याची खानावळ केलीत."

कुंदाताईंना वाईट वाटलं. पोरीचं काम होतं आणि आपण ते बिघडवलं होतं. "उद्या नाही विचारणार कुणाला."

"नक्की?"

"देवाची शपथ घ्यायला लावू नकोस. प्रयत्न करते."

आणि त्यांनी केलाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच वयाची एक बाई समोर बसली. तिला काही नको होतं. ती हाताची घडी घालून नुसती बसली होती. कुंदाताईंनी विचारलं नाही, वाढलं नाही, पाहिलंही नाही. भात कालवला, आणि कालवतच राहिल्या. शेवटी हात बाजूला घेऊन बसून राहिल्या. ताट तसंच निवत गेलं.

संध्याकाळी गार्गी रागावली नाही. ते जास्त लागलं. "काकू, तुम्ही घरी जा. मी उद्घाटनाच्या आदल्या दिवशीची फिल्म लावते. तुमच्या खुर्चीच्या जागी मोठा पडदा लावेन." तिने तिकीट काढलं, विमानतळापर्यंत सोडायला आली आणि "पोचलात की मेसेज करा" म्हणून वळली.

मुलुंडला आल्यावर दोन दिवस कुंदाताईंना सुटल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी ओट्यापाशी ताट घेतलं आणि एकदम मनात आलं की आत्ता या घटकेला तिथे आपण जेवतोय. समोर येऊन कुणीतरी बसलंय. उन्हातून आलेलं असेल, म्हातारं असेल, आणि आपण मान वरदेखील करत नाही. ते उठतं, दुसरं येतं, आपण पुन्हा पहिल्या घासापासून सुरू.

एकटी म्हणून लोकांनी बघितलं तर बघू देत. ते काही खोटं नव्हतं. पण घरी मीटर बघायला आलेल्या माणसालाही सासूबाई पाण्याबरोबर गुळाचा खडा दिल्याशिवाय जाऊ द्यायच्या नाहीत. त्या घरची सून तिथे रोज शेकडो माणसांसमोर, कुणाला 'घ्या' न म्हणता, पोटभर जेवत होती.

त्यांना जेवण जाईना. गार्गीला सांगितलं तर काय होईल हे त्यांना कळत होतं. येणारी ती एकच होती. बाळकृष्णापुढे बसून त्यांनी विचारलं, काय करू? तो काही बोलत नाही, पण ऐकतो असा त्यांचा अनुभव आहे. मग त्यांनी फोन लावला.

"गार्गी, ती फिल्म बंद कर गं."

"काकू, तुम्ही हो म्हणाला होतात."

"म्हणाले होते."

"मग आता काय झालं?"

"आता नाही म्हणतेय."

"अजून महिनाभर चालणार आहे फेस्टिव्हल. तिथे काय ठेवू मी? रिकामं टेबल?"

"ते मला नाही कळत. पण त्या बाईला काढ तिथून."

पलीकडे शांतता पसरली. लाइन तुटल्यावरची शांतता आणि माणूस गप्प झाल्यावरची शांतता, यांतला फरक जुन्या ऑपरेटरला सांगावा लागत नाही. कुंदाताई थांबल्या.

"ठीक आहे काकू," गार्गी म्हणाली आणि तिने फोन ठेवला. त्याच संध्याकाळी फिल्म उतरली.

महिन्याने गार्गी परत आली. बी विंगमधला तिचा दिवा दिसला, पण ती आली नाही. दोनदा गेटवर भेटली. "बऱ्या आहात ना काकू?" "हो गं. तू?" "चाललंय. निघते, घाई आहे." कुंदाताईंनी तिच्यासाठी म्हणून खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या. त्या आठवडाभर डब्यात राहिल्या, मग वॉचमनला दिल्या. फोन त्यांना कितीदा करावासा वाटला. पण बोलायचं काय? केलं त्याची माफी मागावी असं त्यांना वाटत नव्हतं, आणि तरी माफीवाचून दुसरं काय बोलायचं हे सुचत नव्हतं. दुपारी रेडिओ लावायचाही कंटाळा येऊ लागला.

एका दुपारी भात झाला, नैवेद्य दाखवून झाला, आणि ताट घ्यायच्या आधीच कुंदाताईंनी गॅस बंद असल्याची खात्री केली, चपला घातल्या आणि बी विंगची बेल वाजवली.

गार्गीनेच दार उघडलं. हातात मॅगीचा बाऊल. आईवडील ऑफिसला गेलेले. "काकू! या ना."

कुंदाताई सोफ्याच्या कडेला बसल्या. गार्गी समोर मांडी घालून बसली, एक घास घेतला आणि काटा मध्येच थांबवून म्हणाली, "तुम्ही घेणार थोडं?"

"नको गं. आत्ताच झालं माझं."

तोंडाला सवय असते तसं बोलून गेल्या. हे बोलायचं असतं ते समोरच्याने "असं कसं, थोडं तरी घ्या" म्हणावं म्हणून. मग आपण "बरं, अगदी चवीपुरतं" म्हणायचं. जन्मभर सगळ्या घरांतून असंच चालत आलेलं.

"ओके," गार्गी म्हणाली आणि खाऊ लागली.

कुंदाताई बघत राहिल्या. आधी त्यांना अपमान वाटला. मग त्या पोरीच्या चेहऱ्याकडे बघताना तो टिकेना. तिथे काही छद्म नव्हतं. तिने विचारलं होतं, नको म्हटल्यावर नको असं धरलं होतं. तंजावरला हो म्हटलं ते तिने हो धरलं. नाही म्हटलं तेव्हा दोन वर्षांचं काम एका संध्याकाळी उतरवून ठेवलं. आणि त्या फोनवर आपण तिला "ये गं घरी" असं काही म्हटलंच नव्हतं.

"गार्गी."

"हं?"

"खोटं बोलले मी. जेवले नाहीये. मला दे थोडं."

गार्गीने बाऊल खाली ठेवला. "मग आत्ता नाही का म्हणालात?"

"पहिल्यांदा नाहीच म्हणतात गं."

"असं असेल तर मला कसं कळणार काकू?" तिच्या आवाजात चिडल्यासारखं होतं, आणि थोडं रडवेलंही. "मला वाटलं, तुम्हाला मी यायलाच नकोय."

गार्गी आत गेली, भांड्यात उरलेली मॅगी दुसऱ्या बाऊलमध्ये काढून घेऊन आली. गार झाली होती, थोडी चिकटलीही होती. दोघी खायला लागल्या. शेवया काट्यावर टिकत नव्हत्या, तेव्हा कुंदाताईंनी काटा बाजूला ठेवला आणि सरळ हाताने खाल्लं.