प्लॉटरनं काढलेला तांब्या

बाबा कळमेश्वरला शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. निवृत्त होऊन माझ्याकडे रामदासपेठेत राहायला आले आणि दोनच वर्षांत त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. टाक, शाई, पेन्सिली सगळं डब्यात भरून त्यांनी माळ्यावर टाकलं. "आता मले नाही जमत," एवढंच म्हणाले. मला ते बघवेना. मी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते आणि आमच्याकडे नुकताच प्लॉटर आला होता, कागदावर स्वतःच पेन फिरवणारं यंत्र. म्हटलं, हात यंत्राचा आणि नजर बाबांची. ते सांगतील तशी रेष मी काढून देईन. त्यांचं चित्र काढणं मला परत हवं होतं.

मेच्या सुट्टीत कामाला लागले. बाबा पोरांना सगळ्यात आधी तांब्या काढायला लावत, मीही तोच घेतला. उजेड कुठून येतो ते कॉम्प्युटरला सांगायचं, मग सावलीत रेषा दाट, उजेडात विरळ. सांगायला काय जातं! कूलर लावला की कागद दमट होऊन फुगायचा आणि पेन अडकायचं. कूलर बंद केला की शाई निबातच वाळायची. त्यात विभागप्रमुख डोकावून विचारायचे, हे यंत्र काय तांबे काढायला आणलंय? नाकी नऊ आले.

तीन आठवड्यांनी पहिलं चित्र घरी नेलं. बाबांनी चष्मा लावून पाहिलं.

"गोल तं झाला. पण रेषा मेल्या हायेत सगळ्या. माणसाच्या हातच्या वाटून नाही राहिल्या."

मी चिडले, कारण ते खरं होतं. एकूण एक रेष फूटपट्टीनं ओढल्यासारखी होती.

मग प्रोग्राममध्ये मुद्दाम चूक घातली. प्रत्येक रेष जराशी हलावी, कुठे बाहेर जावी, कुठे आधीच थांबावी. किती हलावी हे जमवण्यात आणखी आठवडा गेला, डोकं फिरायची वेळ आली. पण शेवटी जे कागदावर उतरलं, ते पाहून मी लॅबमध्ये एकटीच मोठ्यानं हसले. तांब्यात जीव आला होता. तशीच घरी पळाले.

बाबांनी कागद पाहिला. मग त्यांनी उजवा हात टेबलाखाली घेतला.

"माझ्या हाताची नक्कल करून राहिली का वं?"

"नाही बाबा, कुणाचीही रेष थोडी हलतेच, म्हणून..."

ते उठून आत गेले. महिनाभर मी त्यांच्याच हाताचा विचार करत होते, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. स्वतःचा इतका संताप मला पुन्हा कधी आला नाही.

दुसऱ्या दिवशी ते हलणं काढून टाकलं आणि सरळसोट रेषांचा तांब्या पुन्हा काढून आणला. बाबांनी तो पाहिला आणि म्हणाले, "आता छान झाला." चित्राच्या बाबतीत ते माझ्याशी पहिल्यांदाच खोटं बोलले, आणि मी ते मान खाली घालून ऐकून घेतलं.