दूध पोराला, पोरगी पोत्यावर

माझे आजोबा जगावेत म्हणून त्यांच्या जुळ्या बहिणीला उपाशी मरायला टाकलं होतं.

ती बहीण, आमची यमुनाआक्का, आज सकाळी जळोचीत लेकीच्या घरी वारली.

१९३०च्या दशकात कळंबला ही दोघं जन्मली. त्यांच्या आईला दूध बेताचं. आईच्या सासूनं सांगून टाकलं, दूध पोराला. पोरगी चुलीमागं पोत्यावर.

आईनं तिला पदराखाली घेतलं, की सासू ओढून काढायची.

बातमी कळताच डाळजहून त्या आईची आई, म्हणजे आक्काची आजी आली. पाळण्यात एकच बाळ.

"दुसरं कुठं हाय?"

सासू म्हणाली, "पोरगी हाय ती. जगली तर जगली."

आजीनं पोत्यावरचं बाळ उचललं, पदरात गुंडाळलं आणि पाणीही न पिता डाळजला परतली. शेळीचं दूध बोळ्यानं पाजून तिला जगवलं.

त्यानंतर आईचं माहेर बंद.

आक्का चांगली बोलायला लागली तेव्हाची गोष्ट. आजी तिला घेऊन इंदापूरच्या बाजाराला गेली. समोर सासू, आई आणि तेव्हा आक्काएवढेच असलेले माझे आजोबा.

सासूनं ओळखलंच नाही. आक्काचा गाल कुरवाळत म्हणाली, "कुणाची गं ही? गुणाची हाय."

"तुमचीच नात, विहीणबाई. जगली."

सासूनं हात मागं घेतला. लुगड्याला पुसला.

हो, पुसला.

आई तिथंच मातीत बसली. आक्काला छातीशी धरून रडायला लागली. सासू पोराला उचलून चालू पडली. "चल गं, पोराला भूक लागली आसंल."

आईला उठून मागं जावं लागलं.

आक्का मला सांगायची, "मला काय कळंना, ती बाई का रडती. म्या आजीला इचारलं, कोण हाय ही?"

आज फॅमिली ग्रुपवर कुणीतरी लिहिलंय, जुना काळ होता, अडाणी माणसं होती. सॉरी, पण किळस येते मला. आज स्मशानात याच शिकलेल्या माणसांनी विचारलं, "मुलगा नाही, मग अग्नी कोण देणार?"

आक्काच्या थोरल्या लेकीनं मडकं खांद्यावर घेतलं आणि पुढं झाली.

आक्का, तुला टाकणाऱ्या घराचं आडनाव मी लावते. आज त्याची लाज वाटली.

शांत झोप. तुला मनापासून नमस्कार.