उपटलेली चार पानं

मी चौथी शिकलेली आहे. कादंबरी कशी लिहितात हे मला कोणी शिकवलं नाही, म्हणून मळ्यातलंच काम मी कागदावर करत गेले. आधी दाट पेरायचं, मग विरळणी करायची. मुळ्याची रोपं बोटभर झाली की मधली उपटून टाकतात, म्हणजे उरलेल्यांना जागा मिळते. उपटलेलं बांधावर फेकायचं. ते कोणी जपून ठेवत नाही. या सवयीनं माझ्या हातून जे झालं ते लिहिते आहे.

आमचा मळा अमरावतीहून चांदूर बाजारकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. मळा आता मुलं बघतात. मी आणि माझी मोठी जाऊ, आम्हा दोघी म्हाताऱ्यांकडं जुड्या बांधायचं काम राहिलं आहे. दुपार कलली की मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, उपटून ओसरीत आणून टाकतात. आम्ही केळीच्या सोपानं, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीनं, जुड्या बांधतो.

जावेला वाचता येत नाही. तरी मी लिहिलेलं सगळं आधी तिला वाचून दाखवायची. वाचताना माझे हात थांबायचे, तिचे चालू असायचे. ऐकता ऐकता तिचा हात थांबला की तिथं काहीतरी खोटं आहे असं मी समजायची आणि ते वाक्य खोडायची. एका गोष्टीत सासू मरते आणि सून ऊर बडवून रडते असं मी लिहिलं होतं. जाऊ हातातली जुडी तशीच धरून म्हणाली, "तू रडली होती का वं?" मी रडले नव्हते. ती पण रडली नव्हती. वाक्य खोडलं.

कादंबरी एका माळणीची होती. विहिरीच्या पाण्यावरून तिचं दिराशी भांडण होतं, ते वर्षानुवर्षं चालतं. त्यात तिची एक लहान मुलगी होती, अडीच वर्षांची, तापानं जाते. ती मुलगी खरी तर जावेची होती. आमच्याकडं एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. फोटो काढलेला नव्हता. कपडे तिच्याबरोबरच गेले. घरात तिचं नाव घ्यायचं नाही असं सासूनं सांगून ठेवलं होतं. सासू गेली तरी तो नियम मोडायचं कोणाच्या मनात आलं नाही. मी कादंबरी लिहायला घेतली त्या वर्षी जावेनं एका दुपारी मेथी बांधता बांधता सगळं सांगितलं. मुलीच्या अंगात कुठला फ्रॉक होता, पाण्याच्या पाटाशी बसून काय करायची, शेवटच्या सकाळी काय बोलली. मी त्याची चार पानं केली. तिला वाचून दाखवली तेव्हा तिचा हात एकदाही थांबला नाही.

अकोल्याला एक निवृत्त सर आहेत. ते लोकांचं लिखाण तपासून देतात, पुस्तक काढायला मदतही करतात. वह्या पिशवीत घालून मी बडनेऱ्याहून गाडीनं त्यांच्याकडं गेले. महिन्याभरानं परत बोलावलं. त्यांनी प्रत्येक पान वाचलं होतं, समासात पेन्सिलीनं खुणा होत्या. म्हणाले, गोष्ट भांडणाची आहे, मुलगी मध्ये येते आणि गोष्ट तिथं बसकण मारते. ती चार पानं काढा. सांबाराच्या जागीही कोथिंबीर करा. सर चुकीचं बोलले नाहीत. आज वाचलं तरी मला त्यांचंच बरोबर वाटेल.

घरी येऊन मी चार पानं फाडली आणि बाकीचं नव्या वहीत स्वच्छ उतरवलं. फाडलेली पानं दुसऱ्या सकाळी न्हाणीच्या चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्यांबरोबर घातली. लिहिणारे लोक काढलेलं जपून ठेवतात हे मला फार नंतर कळलं. पण जावेला सांगायला हवं होतं हे तेव्हाही कळत होतं. सांगितलं नाही, कारण ती नको म्हणाली असती.

छापायच्या आधीची पानं तपासायला घरी आली, तेव्हा जाऊ आपणहून जवळ सरकून बसली. मी वाचत गेले. माळीण कोथिंबीर बांधते असं आलं, तेव्हा ती म्हणाली, "हे कोथिंबीर कोन? नवी सून आनली का तुह्या सरानं?" हसलो दोघी. मग ती जागा आली आणि गेली. तिचा हात थांबला. मी प्रकरण संपेपर्यंत वाचत राहिले.

"पोरगी कुठी गेली?"

सरांनी काढायला सांगितलं, असं मी म्हणाले.

"अन् तू काढली." ती म्हणाली, "मंग जुने पानं आन. तेच वाच."

जाळली म्हणून सांगितलं. तिनं पुढची जुडी उचलली.

मी सरांना फोन केला. त्यांनी वाद घातला नाही. चार दिवसांत लिहून पाठवा, घालतो म्हणाले. मी वही घेऊन बसले. मुलगी पाटाच्या कडेची ओली माती खायची, एवढं आठवलं. टोपलीत बसायची, हेही आठवलं. शेवटच्या सकाळचा शब्द पानावर कुठं होता ते दिसत होतं, उजव्या अंगाला, खालून तिसऱ्या ओळीत. शब्द आठवेना. मन घट्ट करून जावेकडं गेले आणि परत सांग म्हणाले.

"म्या तुले देऊन टाकलं होतं," ती म्हणाली. "इतके वर्सं रोज मनात घोकत होती, म्हनून याद होतं. तू लिवलं, मंग म्या घोकनं सोडलं. आता फ्राकचा रंगबी येत नाही."

शेवटी मी मनानंच लिहिलं. पिवळा फ्रॉक घातला, तोंडी एक शब्द घातला. चार पानांची पाच झाली. तिसऱ्या दिवशी तिला वाचून दाखवलं. दुसऱ्याच ओळीला तिचा हात थांबला, तो पुन्हा चालला नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, "चांगली आहे पोरगी. पन हे तुह्यावाली आहे. माही नाही."

ती पाच पानं मी सरांना पाठवली नाहीत.

पुस्तक निघालं. वाचणारे सांगतात, गोष्ट कुठं अडत नाही, सरळ पुढं जाते. जाऊ अजून रोज जुड्या बांधायला बसते. वाच म्हणत नाही, आणि मीही वाचत नाही. दुसरी कादंबरी लिहायला घेतली आहे. त्यात खोटं कुठं आहे हे आता माझं मलाच शोधावं लागतं, आणि ते मला नीट जमत नाही. खोडलेलं एकही पान मी टाकत नाही, खताच्या रिकाम्या पोत्यात भरून ठेवते. पोतं अर्ध्याच्या वर आलं आहे. त्यात तिच्या पोरीचं काही नाही.