सगळ्यात वरचं नाव

शिलाई मशीन दुरुस्त करण्यात मशीनवाल्या मामांची चाळीस वर्षं गेली. दोरा का तुटतो, हे ते नुसत्या आवाजावरून सांगत. हात सोन्याचा, जीभ मात्र तिखट. गिऱ्हाइकाच्या मशीनवर आपला नंबर चिकटवणं त्यांना कधी पटलं नाही. "मशीन गिऱ्हाइकाचं, त्यावर माझी पाटी कशाला?"

लेकीने त्यांच्या फोनवर पैसे भरून वापरायचं सर्च इंजिन टाकलं, तेव्हा मामांचा पारा चढला.

"दर महिन्याला पैसे? आणि कशाचे, तर शोधायचे? उद्या घरात चष्मा शोधायलाही तिकीट काढायला लावशील!"

"बाबा, यात जाहिराती नाहीत. फुकटवाल्यात पैसे चारणारा सगळ्यात वर दिसतो."

"मग? लोकांना काय डोळे नाहीत?" मामांनी विषय संपवला.

आठवड्याभरात शिवणकाम करणाऱ्या ताई दुकानात आल्या. नवरा गेल्यापासून त्यांचं घर एका मशीनवर चालत होतं.

"मामा, तुमचा माणूस दुरुस्तीला नेलेलं मशीन परत कधी आणणार? पाच दिवस झाले. शाळेचे चाळीस गणवेश तसेच पडलेत."

"माझा माणूस? अहो, इथे मी एकटाच आहे!"

ताईंनी फुकटच्या सर्चमध्ये दुकान शोधून फोन दाखवला. सगळ्यात वर मामांच्याच दुकानाचं नाव, खाली भलताच नंबर, आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'जाहिरात'. मामांनी नंबर लावला. बंद.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर तर चोरच; पण पैसे घेऊन त्याला आपल्या नावाखाली उभं करणारा कोण? त्याला जाब विचारायचा तर नंबर नाही, पत्ता नाही. आहे फक्त तक्रारीचा एक फॉर्म. नाव विकताना कोणी फॉर्म भरून घेतला होता?

दुकानात बसलेल्या लेकीने मामांच्या फोनवरच्या पैसेवाल्या सर्चमध्ये तेच नाव टाकलं. पहिलाच पत्ता खरा निघाला.

"बघा, पैसे वसूल आहेत की नाही?"

"मला माझ्या दुकानाचा पत्ता माहीत आहे गं!" मामा कडाडले. "पैसे भरून मी शहाणा होईन. पण मला शोधणारे फुकटातच शोधणार ना? गणवेश शिवणारीने खरं कळावं म्हणून दर महिन्याला पैसे मोजायचे?"

लेकीने फोन खाली ठेवला.

"म्हणजे मशीन गेलं?" ताईंनी हळूच विचारलं.

मामांना मान वर करवेना.

"तो पावती देत होता, मामा," ताई म्हणाल्या. "मीच नको म्हटलं. म्हटलं, मामांच्या दुकानाची कसली पावती मागायची."