पडवीतला फोन

योगिनी,

हे वाचून तू पहिल्यांदा काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. "बाई, माझं काय लिवायचं? मी काय केलंय?" तेच तर कुणाला कळलेलं नाही गं. तुला नाही, मला नाही, त्या कंपनीला तर नाहीच. तुला नोकरी लागली होती एवढं नक्की. ती सुटली की नाही, हे आजपर्यंत कुणी छातीवर हात ठेवून सांगितलेलं नाही. म्हणून लिहायला बसले. पण तुझी गोष्ट तुलाच सांगायला गेले तर दर दोन वाक्यांनी "असं नाय झालं बाई" म्हणून निम्मी पुसून टाकशील. तेव्हा मी ती इतरांना सांगते. तू बाजूला बसून ऐक, आणि मधे बोलू नकोस.

तर आटगाव स्टेशनला उतरून रिक्षाने आत गेलं की कुणब्यांची थोडी घरं लागतात, त्यांतल्या एका घरात योगिनी जन्मली आणि लग्न मोडून त्याच घरात परत आली. मधली वर्षं मुरबाडच्या पुढे सासरी गेली. तिथलं थोडक्यात सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. मुलाकडची माणसं बघायला आली आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी हो म्हणून टाकलं. काही विचारलं नाही, मानपानावर अडले नाहीत, "घरी जाऊन कळवतो"सुद्धा म्हणाले नाहीत. योगिनीच्या बापाला, देवजीला, वाटलं देव पावला. लग्नानंतर कळलं की जावयाचं भिवंडीला आधीच एक बिऱ्हाड आहे, आणि गावात तोंड दाखवायला घरच्यांना कुणीतरी सून आणून उभी करायची होती. योगिनी एक पिशवी घेऊन निघाली ती थेट माहेरी.

माहेरी परत आलेल्या पोरीला घरात जागा असते, पण नेमकी कुठली ते कुणी सांगत नाही. बाप तोवर गेला होता. आई जना, भाऊ अनिल, त्याची बायको हर्षाली आणि त्यांची दोन लेकरं. योगिनी माजघरात आईशेजारी झोपायची. तिचे कपडे खुंटीवरच्या पिशवीत, तेल-फणी दुसऱ्यांच्या फडताळात. रडायचं झालं तर गोठ्यात जावं लागायचं. वहिनी वाईट नव्हती, फटकळ होती. फटकळ माणसं मला आवडतात; पण मला त्यांच्या घरात राहायचं नसतं.

जना माझ्याकडे शहापूरला भाजी घेऊन यायची, त्यातून माझी या घराशी ओळख. दोन हजार सहा साली एक दिवस तिच्याबरोबर योगिनी आली आणि म्हणाली, "बाई, मला शुद्ध बोलायला शिकवा. नोकरी लागलीय. घरूनच करायची."

घरून कसली नोकरी, मी विचारलं. 'निर्झर' नावाची एक कंपनी पाणी शुद्ध करायचं यंत्र विकत होती. कल्याणला मिठाईच्या दुकानावर एक खोली, तिथे पोरींना थोडे दिवस शिकवलं, प्रत्येकीला वायर नसलेला, अँटेनावाला एक फोनचा सेट दिला आणि घरी पाठवलं. ठाणे, मुलुंड, डोंबिवलीच्या लोकांना फोन करायचा आणि कंपनीच्या माणसाला यंत्र दाखवायला घरी येऊ द्या, म्हणून राजी करायचं. योगिनी हे नाव फोनवर जड पडतं म्हणून तिचं नाव निकिता ठेवलं. साहेबाचं नाव रॉनी सर. तेही खरं होतं की ठेवलेलं, देव जाणे.

आम्ही तालीम केली. "नाय" नाही, "नाही". "आमी" नाही, "आम्ही". एका वाक्याला ती अडली. "तुमच्या नळाला येणारं पाणी विश्वासाचं नाही," असं म्हणायचं होतं.

"बाई, पाणी तर आपल्या भातसा धरणाचंच जातं ना त्यांना? त्याला वाईट कसं म्हणू?"

"म्हण. पगार त्याचाच आहे," मी म्हटलं.

आता खरी गंमत. तो सेट घरात नेला तर माजघरात रेंज नाही, ओट्यावर नाही, अंगणात एक कांडी. अनिल सेट कडेवर घेऊन, तान्ह्या पोराला फिरवावं तसा घरभर फिरला. शेवटी पडवीत, खिडकीच्या कोपऱ्यात, सगळ्या कांड्या उभ्या राहिल्या. पडवीत भाताची पोती होती. रेंज हलवता येत नाही, पोती हलवता येतात. अनिलने ती माजघरात नेऊन रचली आणि पडवी मोकळी केली. योगिनीने शेणाने सारवली, एका स्टुलावर सेट ठेवला, बाजूला सतरंजी अंथरली आणि आतून कडी लावून पाहिली. लागली.

"वन्सं, आता तुमी हापिसात नि आमी पोत्यांखाली," हर्षाली बाहेरून म्हणाली.

मी स्पष्टच सांगते. त्या यंत्राचं योगिनीला काही सोयरसुतक नव्हतं. तिला पडवी हवी होती. जोवर नोकरी आहे तोवर फोन आहे, जोवर फोन आहे तोवर कडी आहे. तिचं सगळं त्या कडीवर टांगलेलं होतं.

म्हणून तिने जीव तोडून काम केलं, आणि तिथेच घोटाळा झाला. आमच्या भागातली रीत अशी की पाव्हण्याने पहिल्या विचारण्याला हो म्हणायचं नसतं. चहा विचारा, "नको." परत विचारा, "आत्ताच झाला." तिसऱ्यांदा कप हातात द्या, मग फुंकून फुंकून पिणार. पहिल्या "नको"ला जी घरधनीण चहाचं आधण उतरवते, तिचं नाव कंजूष म्हणून गावभर होतं. उलट पहिल्या विचारण्याला जो हो म्हणतो, तो एक तर हावरा किंवा लबाड. योगिनीने तर पहिल्याच बैठकीत हो म्हणणारं सासर पाहिलं होतं. हीच रीत घेऊन ती फोनला बसली.

मुलुंडच्या एक काकू म्हणाल्या, "नको हो, आमच्याकडे आहे फिल्टर."

"असू द्या ना काकू. बघायला काय जातं?"

"नको म्हटलं ना."

"आमचा माणूस चहासुद्धा मागणार नाही. नुसता दाखवून जाईल."

"अगं, गुडघे दुखतायत माझे, दार उघडायला उठवत नाही."

"कुठला गुडघा? डावा का? निरगुडीचा पाला शेकायला घ्या."

गुडघ्यावर बरंच बोलणं झाल्यावर काकू म्हणाल्या, "भलतीच चिवट आहेस गं. पाठव, पाठव एकदाचा."

असं रोज. शनिवारी रॉनी सरांचा फोन आला. "एक्सलंट, निकिता! ना सुनके भी छोड़ती नहीं है तू! बाकी लड़कियों को तेरा एक्झांपल देता हूँ." योगिनीने ते वाक्य मला येऊन जसंच्या तसं सांगितलं आणि एक्झांपल म्हणजे चांगलंच ना, असं विचारलं. चांगलंच, मी म्हटलं.

पण यादीत दुसऱ्या प्रकारची माणसंही होती. डोंबिवलीचे एक काका, पहिल्या वाक्यालाच म्हणाले, "हो हो, पाठवा ना. उद्या संध्याकाळी पाठवा."

योगिनीने लगेच विचारलं, "काका, घरात विचारलंत का?"

"मीच घरात आहे."

"तसं नाही. काकूंना विचारा, मुलांना विचारा. इतक्या लवकर कशाला हो म्हणता? मी परवा फोन करते."

काकांनी फोन आपटला. ते बोलणं साहेबाने मधेच लाइनवर घुसून ऐकलं होतं. लगेच त्याचा फोन. "निकिता! वो आदमी हां बोल रहा था!"

"सर, इतना जल्दी हां बोला तो कुछ गडबड होगा."

पलीकडून फोन ठेवल्याचा खटका आला. तो हसत होता की संतापला होता, ते योगिनीला कळलं नाही. तिने मला विचारलं. मला तरी काय कळणार?

पुढे यंत्र दाखवणारी माणसं हात हलवत परत यायला लागली. काकू-मावश्या दार उघडत, चहा पाजत, आणि "त्या पोरीला नाही म्हणवेना म्हणून बोलावलं" असं सांगत. शनिवारी सर कडाडले. "तू जबरदस्ती करती है! कस्टमर तंग आ गए हैं!"

"सर, आपनेच तो बोला था, छोड़ना नहीं."

"छोड़ना नहीं मतलब पकड़के बैठना नहीं!"

यातून काय घ्यायचं? त्यानंतर नवा नियम निघाला: पहिल्या "नको"ला थँक्यू म्हणायचं आणि फोन ठेवायचा. योगिनीने तसं केलं. ठाण्याच्या एका बाईंनी नको म्हटलं, हिने थँक्यू म्हटलं, फोन ठेवला, आणि तशीच बसून राहिली. पंगतीतल्या माणसापुढचं पान ओढून घेतल्यासारखं वाटलं, म्हणाली. राहवेना. परत फोन लावला. "मावशी, मगाशी एकदम फोन ठेवला, राग नाही ना आला?"

मावशींना राग आला नव्हता. आता आला. त्यांनी कंपनीकडे तक्रार केली.

मग दोन शनिवार कुणाचाच फोन नाही. नव्या याद्या येणं बंद झालं. योगिनीने सरांना लावला तर नंबर अस्तित्वात नाही. कल्याणच्या खोलीत लावला तर कुणी एक मॅडम बोलल्या.

"निकिता कौन?"

"मैं."

"यहाँ तो योगिनी लिखा है."

"वो भी मैं."

"अच्छा? मेरे पास दो नाम हैं. एक को बंद किया है, एक को चालू रखा है."

"किसको बंद किया, मॅडम?"

"वही देखना पड़ेगा. पूछके बताती हूँ."

ती मॅडम अजून विचारतेच आहे.

त्यानंतर सेटवरून फोन लागेनासा झाला, पण आलेला घेता येत होता. म्हणजे चालू की बंद? पगारावरून ताडावं, तर तो आधीपासून लहरीप्रमाणे यायचा. योगिनी रोज सकाळी आंघोळ करून, वेणी घालून पडवीत जाई आणि कडी लावून घेई. काम नसताना काय करायची? "बसते. कदी आला तर," एवढंच सांगायची.

"वन्सं, फोन येतो का हो तुमचा?" हर्षाली विचारी.

"येणारे."

"येणारे, येणारे! गेल्या साली टायरवाल्या कंपनीत याला पण घेणारे होते," ती अनिलकडे बोट दाखवी. अनिल ताटात बघून जेवत राही.

एका दुपारी फोन खणखणला. हर्षाली सूप हातात धरून अंगणात थबकली. जना देव्हाऱ्याकडे बघत उभी राहिली. पडवीतून योगिनीचा आवाज आला, अगदी शुद्ध: "नमस्कार, निकिता बोलतेय." मग बराच वेळ बोलणं. ऐकून हर्षाली मान हलवत आत गेली. फोन मुलुंडच्या काकूंचा होता. त्यांचा डावा गुडघा बरा होता, आता उजवा धरला होता. पण ते दाराबाहेर कुणाला ठाऊक? पडवी आणखी काही दिवस टिकली.

मग भात कापून झालं, झोडून झालं. नवी पोती अंगणात येऊन पडली. माजघरात पाय ठेवायला जागा नाही.

"आता हे कुठं ठेवू, डोक्यावर?" हर्षाली कडाडली. "एक काय ते सांगा ना वन्सं. नोकरी हाय का नाय? हाय तर मी उघड्यावर ठेवते भात, नाय तर पडवी द्या."

यात तिचं काय चुकलं? काहीच नाही. योगिनीने "विचारून सांगते" म्हटलं, आणि ती माझ्याकडे आली.

बरं, आता इतरांना सांगून झालं. उरलं ते तुझं-माझं.

तू आलीस, मी चहा विचारला, तू नको म्हणालीस, मी ठेवलाच. मी म्हटलं, "योगिनी, हा कसला पोरखेळ? तो सेट पिशवीत घाल, आपण दोघी कल्याणला जाऊ. त्यांच्या टेबलावर आपटू आणि विचारू, हिला ठेवलीय की काढलीय? एक शब्द बोला. त्याशिवाय मी तिथून उठणार नाही. गुरुवारी येशील?"

तू म्हणालीस, "हो."

लगेच म्हणालीस. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

गुरुवारी तू आलीस. पिशवी जड होती. त्यातून चवळीच्या शेंगा निघाल्या, दोन काकड्या निघाल्या, जनाने दिलेला हातसडीचा तांदूळ निघाला.

"सेट कुठाय?"

"अगो बाई! ऱ्हायलाच की."

पुढच्या गुरुवारी अनिलला ताप होता. त्याच्या पुढच्या गुरुवारी आलीस, तेव्हा माझ्याकडे पाहुणे होते. मग तू म्हणालीस, सेट आणला तर मधेच फोन आला तर कोण घेणार? मी म्हटलं, येऊ दे की कल्याणात. तू म्हणालीस, तिथं रेंज असंल नसंल. कल्याणला रेंज नसेल! मी कपाळावर हात मारला.

हर्षालीने शेवटी भात ओट्यावर फळ्या टाकून, ताडपत्री घालून ठेवलं. येता-जाता तिला ठेच लागते आणि ती तुझा उद्धार करते. मी मागे तुझ्याकडे आले तेव्हा पाहिलं, सेटवर तू क्रोशाचं झाकण घातलंयस. खिडकी पुसलेली. अँटेना सरळ. मी विचारलं, "मग, या गुरुवारी?"

"हो बाई," तू म्हणालीस, आणि मला बाहेर ओट्यापर्यंत सोडायला येऊन, आत गेलीस, आणि कडी लावल्याचा आवाज आला.