कोरडी वाळू

पावडर खोलीत शिरताना आक्का आधी दाराजवळच्या तांब्याच्या पट्टीला तळहात लावायची. अंगावरच्या विजेची एक ठिणगीसुद्धा आत भडका उडायला पुरे होती. नव्या माणसाला मात्र वाटायचं, बाई फारच भाविक दिसते.

कारखान्यात मॅग्नेशियमची पावडर डब्यांत भरत. दिसायला राखेसारखी गरीब, पण एकदा पेटली की कुणाच्या बापाला ऐकत नाही. पाणी मारलं तर आणखीच भडकते. तिच्यावर उतारा एकच, कोरडी वाळू. आक्का अंगात सुती कपडे घालायची, सांडलेली पावडर मऊ ब्रशनं अलगद गोळा करायची आणि कुणी झटकून झाडताना दिसलं की त्याची चारचौघांत हजेरी घ्यायची. तिच्या पाळीत खोलीत कधी काडीइतकंही जळलं नव्हतं.

धाकट्या भावाला तिनंच इथं चिकटवलं. आई लवकर गेली, तेव्हापासून तिनंच त्याला वाढवला. लहानपणी तो लोकांच्या काचा फोडायचा आणि हिच्या पाठीमागे येऊन हिच्या खांद्याला हात लावायचा. ही पुढे होऊन म्हणायची, "माझ्या हातून फुटली." कारखान्यात वाळू चाळायची, वाळवायची आणि पावडर खोलीची पिंपं भरून ठेवायची, हे त्याचं काम. आक्का रोज झाकण उघडून बघे आणि वर वाळू दिसली की लावून टाके. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर तिनं तळापर्यंत हात घातला असता. भावाचं काम तपासायची तिला लाज वाटे.

भावानं घर बांधलं तेव्हा आक्का हरखून गेली. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरून तिनं हात फिरवला. "काय गुळगुळीत गिलावा झालाय रे, माशी बसली तर घसरेल."

"वाळू बारीक मिळाली ना, वन्सं," भावजय म्हणाली. भाऊ पाणी आणायला उठला.

मग एका सकाळी भरणीचं यंत्र तापलं आणि त्याच्या बुडाशी सांडलेली मूठभर पावडर पेटली. डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडला. आक्कानं यंत्र बंद केलं, सगळ्यांना बाहेर पिटाळलं आणि पिंपात फावडं घातलं. दुसऱ्या खेपेला फावड्याबरोबर गोणपाट वर आलं. वर चार बोटं वाळू आणि खाली कोंबलेली जुनी पोती. दुसऱ्या पिंपात तेच, तिसऱ्यातही तेच. दारातून कुणीतरी पाण्याची बादली घेऊन धावला, त्याला तिनं ओरडून मागे परतवलं. मग पिंपापिंपातली वरची वाळू ओंजळीनं खरवडून तिनं आगीवर पसरली. आग दबली, पण तिचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

कारखान्याच्या दवाखान्यात तिच्या हाताला पट्टी बांधून झाली, तेव्हा भाऊ रडत आला.

"वाळू कुठं गेली?" तिनं विचारलं.

"घराला लागली. परत भरणारच होतो आक्का, राहून गेलं."

"आत मी असते, हे ठाऊक होतं ना तुला?"

"म्हणून तर नेली. तू असताना तिथं आग लागेल, असं कधी वाटलंच नाही."

हातापेक्षा हे तिला जास्त झोंबलं. परक्यानं नेली असती तर तिनं चार शिव्या देऊन विषय संपवला असता. हा तर पोटच्या पोरासारखा वाढवलेला, आणि यानंच केसानं गळा कापला. जन्मभर ती जिवाला जपून वागली, त्या जपण्याच्याच भरवशावर यानं पिंपं रिकामी केली. आणि त्या भिंतीचं कौतुक तिनं याच हातानं केलं होतं.

तेवढ्यात मॅनेजर आत आला. "आक्का, खोली तुमच्या ताब्यात. पिंपांत पोती कुणी भरली?"

भाऊ केव्हाच तिच्या स्टुलामागे जाऊन उभा राहिला होता. तिच्या खांद्याला त्याचा हात लागला, लहानपणी काच फुटल्यावर लागायचा तसाच.

आक्का उठली आणि बाजूला झाली.