लेकराले दूध कोनं पाजलं?

जठारपेठेत मैनाबाई भाजी विकतात. मेथीची जुडी देताना वर चार मिरच्या टाकतात, आणि पिशवी नीट धरली नाही तर रागावतात. त्यांची मुलगी आरती एम.ए. मराठीला माझी विद्यार्थिनी होती.

गेल्या हिवाळ्यात मी वर्गाला दोन कविता तुलनेसाठी दिल्या. दोन्हींत एक भोळी पोरगी, तिला फसवून गेलेला पुरुष आणि पोटातलं मूल. एकीतली विहिरीत उडी घेते, दुसरीतली त्याला शाप देत म्हातारी होते.

पुढचं मला आरतीनेच सांगितलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती दुकानात बसून त्या कविता मोठ्याने वाचायची. मैनाबाई कोथिंबीर निवडत ऐकायच्या. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "दोघीबी रडूनच राहिल्या वं. त्या दुसरीच्या लेकराले दूध कोनं पाजलं, ते काहून नाही लिवलं?"

आरती हसली. "आई, कविता आहे ना ते!"

"मले मालूम आहे." मैनाबाईंचा हात थांबला. "मी एकोनीस वर्साची होती. शेंदूरजनाघाटले संत्री भरायले जात होती. तिथं एक दलाल होता. लगन करतो म्हने. तू पोटात आली अन् तो गायब. मीबी हिरीपाशी गेली होती. पन भूक लागली. वापस आली अन् भाकर खाल्ली."

वडील अपघातात गेले, एवढंच आरतीला आजवर ठाऊक होतं. तिने कवितांचे कागद बाजूला ठेवले. मग हळूच म्हणाली, "मले पाहून तुले त्याची आठवन येत असन."

"कवा येनार? तू जलमल्यापासून फुरसतच नाही देली मले!"

दोघी हसल्या, आणि हसता हसता आरतीला रडू फुटलं. मैनाबाईंनी पदराने तिचं तोंड पुसलं, तेवढ्यात पालक मागायला कुणी आलं, तर त्याला "थांब जरा" म्हणून दटावलं.

वर्गात सांगू का, असं आरतीने विचारलं. "सांग. लाज त्याले पायजे," आई म्हणाली.

आरतीने सांगितलं. दोन्ही कवी पोरीच्या दुःखापाशी थांबले, तिच्या भुकेपर्यंत पोचलेच नाहीत, असं तिने तुलनेत लिहिलं. वीस वर्षं मी त्या कविता शिकवते आहे. मला हे कधी सुचलं नव्हतं.

आता मैनाबाई रोज एक कविता ऐकतात. परवा भीत भीत मी माझी दिली.

"चांगली आहे मॅडम," त्या वांगी तोलत म्हणाल्या, "पन लय लांबली."